चार टक्के आणि रिकामी खुर्ची: आदिवासी उद्योजकांनी सरकारी खरेदीत कसं उतरायचं

गडचिरोलीतल्या ग्रामसभांना टेंडर हा शब्द नवा नाही. मेंढा (लेखा) ग्रामसभेनं सामूहिक वनहक्कातला बांबू २०११ मध्ये स्वतः विकला. २०१३ पासून तर कित्येक गावांनी तेंदूपत्त्याची जाहिरात स्वतःच द्यायला सुरुवात केली. व्यापारी अटी वाचून येतो, अनामत भरतो, आणि त्याचा दर घ्यायचा की नाही ते गाव ठरवतं. टेंडरच्या टेबलाची ही एक बाजू झाली. दुसऱ्या बाजूला, जिथं दर आपण भरायचा आणि निवड सरकारनं करायची, तिथली आदिवासींची खुर्ची बहुतेक वेळा रिकामी असते.

आणि ती खुर्ची राखीव आहे. केंद्र सरकारनं २०१२ मध्ये सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी सार्वजनिक खरेदी धोरणाचा आदेश काढला आणि १ एप्रिल २०१५ पासून तो बंधनकारक झाला. केंद्राची मंत्रालयं, खाती आणि सार्वजनिक कंपन्या यांनी वर्षाच्या एकूण खरेदीतला ठरावीक भाग सूक्ष्म-लघु उद्योगांकडून घ्यायचा. आधी हा भाग २० टक्के होता, २०१८ च्या दुरुस्तीनं तो २५ टक्के झाला. त्यातले ४ टक्के अनुसूचित जाती आणि जमातींच्या उद्योजकांचे, ३ टक्के महिला उद्योजकांचे. पण आदेशात एक वाक्य आहे, ते पाठ करून ठेवा: अनुसूचित जाती-जमातीचे उद्योग निविदेत उतरलेच नाहीत, किंवा अटींत आणि दरात बसले नाहीत, तर हे ४ टक्के इतर सूक्ष्म-लघु उद्योगांकडून भरून काढता येतात. गैरहजेरी लागली की वाटा दुसऱ्याकडे, आणि कुणी नियम मोडला असंही होत नाही.

केंद्राच्या ‘संबंध’ पोर्टलवर कोणत्या मंत्रालयानं आणि कंपनीनं किती खरेदी कोणाकडून केली ते दिसतं. तिथला अनुसूचित जाती-जमातींचा रकाना चार टक्क्यांच्या बराच खाली राहतो, आणि हा रकाना दोघांचा मिळून आहे. नंदुरबारसारख्या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार ६९ टक्के लोक आदिवासी आहेत, हे लक्षात घेऊन तो रकाना बघा.

मी पालघर-नाशिक पट्ट्यात गटांना आणि एकट्यादुकट्या उद्योजकांना टेंडर भरायला मदत करतो. पुढं लिहिलंय ते त्या टेबलावरून. भर केंद्राच्या खरेदीवर आहे, कारण लेखी हक्क तिथं सगळ्यात स्पष्ट आहे.

आधी ठरवा: विकणार काय, आणि घेणार कोण

बहुतेक जण उलटं करतात. आधी सगळी रजिस्ट्रेशनं काढतात, फाइल जाडजूड होते आणि मग विचारतात, ‘आता टेंडर कुठलं भरू?’

हे धोरण स्वतः बनवलेल्या मालाला आणि स्वतः दिलेल्या सेवेला लागू आहे. नुसत्या खरेदी-विक्रीला नाही. भिवंडीहून माल उचलून पुढं देणाऱ्याला उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योग असल्याची सरकारी नोंद, मिळते, पण ती बँकेच्या कर्जासाठी; खरेदीतल्या सवलती तिच्यावर मिळत नाहीत. बांधकामाचे ठेकेही यात येत नाहीत. रस्ते, मोऱ्या, शाळेच्या खोल्या यांचा रस्ता वेगळा, त्याबद्दल खाली थोडं लिहिलंय.

मग काय चालतं? शिवणकाम असेल तर कापडी आणि कॅनव्हासच्या पिशव्या, डस्टर. हे फक्त सूक्ष्म-लघु उद्योगांकडूनच घ्यायच्या ३५८ वस्तूंच्या यादीत आहेत. ती यादी एकदा स्वतः वाचाच, आपल्या गावात बनणारं काहीतरी तिच्यात सापडतंच. बांबूकाम असेल तर सरकारी ई-बाजारपेठेत, म्हणजे जेमवर, बांबूच्या वस्तूंचं ‘ग्रीन गोल्ड’ नावाचं वेगळं दालन आहे. सेवांत मासिक भाड्याची गाडी, साफसफाई, बागकाम, कँटीन. आमच्याकडच्या पोरांनी सगळ्यात लवकर पकडली ती गाडी. एकच वस्तू, एकच चालक, बिल महिन्याच्या महिन्याला, आणि माल खराब झाला म्हणून परत यायची भीती नाही.

घेणारा जवळचा शोधा. पालघरला तारापूरचा अणुवीजप्रकल्प आहे. चंद्रपूर-यवतमाळ पट्ट्यात वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणी आणि भद्रावतीची आयुध निर्माणी. नागपूर-भंडाऱ्यात मॉइल, ही मँगनीज खाणींची सरकारी कंपनी. रेल्वे, टपाल खातं, केंद्रीय विद्यालयं तर बऱ्याच जिल्ह्यांत आहेत. या सगळ्यांनी वर्षाचा खरेदी आराखडा आपापल्या संकेतस्थळावर टाकावा असं धोरण सांगतं. तो डाउनलोड करा, त्यातून आपल्याला जमतील अशा तीनच वस्तू निवडा. तीनच.

कागद: इथंच सगळ्यात जास्त लोक गळतात

उद्यम नोंदणी फुकट आहे. आधार, पॅन आणि मोबाइलवरचा ओटीपी, एवढंच लागतं. तरी लोक सायबर कॅफेत हजार-पाचशे देऊन ती काढून घेतात आणि चूक तिथंच होते. मागच्या उन्हाळ्यात जव्हारजवळच्या एका पाड्यावरून एक बाई आल्या. शिवणकामाचं युनिट, पाच मशिनं, काम नीटनेटकं. दोन बिडं, म्हणजे जेमवरच्या निविदा, भरली होती, दोन्ही गेली. मी त्यांचं उद्यम प्रमाणपत्र उघडून पाहिलं. सामाजिक प्रवर्गासमोर ‘जनरल’. उद्योगाचा प्रकार ‘ट्रेडिंग’. कॅफेवाल्यानं जे आधी उमटलं होतं तेच ठेवून पुढं ढकललं होतं. दोन वर्षं त्या बाई सरकारच्या नोंदीत आदिवासीही नव्हत्या आणि उत्पादकही नव्हत्या. दुरुस्तीला लागली पंधरा मिनिटं आणि एक ओटीपी.

म्हणून आज, हा लेख बाजूला ठेवून, आपलं उद्यम प्रमाणपत्र काढा आणि चार गोष्टी बघा: प्रवर्ग ‘एसटी’ आहे का, बाई मालक असतील तर तसं नोंदलंय का, उद्योग उत्पादन किंवा सेवा म्हणून आहे का, आणि उद्योगाचा कोड आपण खरोखर करतो त्याच कामाचा आहे का. जेम ही माहिती उद्यमवरूनच उचलतं. इथं चुकलं की पुढं सगळीकडे चुकतं.

दुसरी गाठ नावाची. जातीचा दाखला प्रांत कार्यालयाचा, बापाच्या नावानं, माहेरच्या आडनावाचा. आधार आणि पॅन सासरच्या नावाचं. बँक पासबुकावर तिसरंच स्पेलिंग. माणसं हे समजून घेतात, पडताळणी करणारा घेत नाही. विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र काढून घ्या, जमलं तर राजपत्रात नावबदल छापून घ्या, आणि हे कागद प्रत्येक बिडबरोबर जोडा. लग्नानं जमात बदलत नाही. आदिवासी बाईनं बिगरआदिवासी माणसाशी लग्न केलं तरी ती आदिवासीच. आणि आदिवासी घरात सून म्हणून आलेली बिगरआदिवासी बाई यात येत नाही.

मालकीची व्याख्या अशी: एकल मालकी असेल तर मालक अनुसूचित जाती-जमातीचा हवा, भागीदारीत त्या भागीदारांचा हिस्सा किमान ५१ टक्के, खासगी कंपनीत त्या प्रवर्तकांचे शेअर किमान ५१ टक्के. बचत गटाला किंवा सहकारी संस्थेला उद्यम नोंदणी मिळते, पण या व्याख्येत सरळ लिहिलेली रूपं ही तीनच. त्यामुळं गटाच्या नावानं भरणार असाल तर त्या विशिष्ट खरेदीदाराला आधी लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. माझं स्वतःचं मत सांगायचं तर पहिल्या दोन-तीन बिडांसाठी गटातल्या एकीची एकल मालकी किंवा चौघींची भागीदारी बरी पडते. गट काम करतो, फर्म बिल काढते. फक्त आतला हिशेब पहिल्या दिवसापासून वहीत लिहा.

याउपर जीएसटी, चालू खातं, मागच्या वर्षांची आयकर विवरणपत्रं. महाराष्ट्र शासनाच्या ई-निविदा पोर्टलसाठी आणि केंद्राच्या ई-प्रोक्युअर पोर्टलसाठी तिसऱ्या वर्गाची डिजिटल सही लागते, ती एका डोंगलमध्ये येते. हा डोंगल तुमच्या कपाटात राहिला पाहिजे. भरून देणाऱ्याच्या ड्रॉवरमध्ये दहा जणांची डोंगलं रबर लावून ठेवलेली मी पाहिलीत, प्रत्येकावर पिन चिकटवलेला. तुमच्या नावानं कोण कुठं काय भरतंय हे मग तुम्हाला नोटीस आल्यावर कळतं.

सही उसनी देऊ नका

हा भाग छोटा असला तरी मधे घुसवावाच लागतो. ‘तुमचं फक्त नाव, बाकी आम्ही बघतो, महिन्याला पाच हजार’ असा प्रस्ताव घेऊन कुणीतरी येतोच. ऑस्ट्रेलियात मूळनिवासींच्या उद्योगांसाठी २०१५ पासून सरकारी खरेदीचं धोरण आहे. तिथंही हाच उद्योग चालतो, आणि त्याला ‘ब्लॅक क्लॅडिंग’ असं नाव पडलंय: वरून मूळनिवासी मुलामा, आत दुसराच धनी. आपल्याकडे वेगळं नाव नाही, एवढाच फरक.

नावावर फर्म असली की जीएसटीची थकबाकी नावावर, कामगारांचा पीएफ नावावर, माल निकृष्ट निघाला तर बंदीही नावावर. केंद्राच्या वित्तीय नियमांप्रमाणं लबाडी केलेल्या पुरवठादाराला खरेदीदार दोन वर्षांपर्यंत बाद करू शकतो. दोन वर्षांनी तुम्ही खरोखर धंदा करायला निघाल, तेव्हा तुमच्या पॅनवर तो डाग असतो आणि पाच हजारवाला कुठल्या तरी दुसऱ्या पाड्यावर असतो.

जेमवर नाव आणि बिडाचा कागद वाचणं

जेम ९ ऑगस्ट २०१६ ला सुरू झालं आणि केंद्राच्या खात्यांना तिथं मिळणारी वस्तू तिथूनच घेणं बंधनकारक आहे. छोटी खरेदी थेट होते, त्याच्या वरची दर तुलना करून, आणि मोठी बिड काढून. नाव नोंदवताना घाई करू नका. कॅटलॉगमध्ये वस्तू चढवताना फोटो पांढऱ्या कापडावर, उजेडात काढा, मापं टेप लावून लिहा. थेट खरेदी करणारा कारकून शेवटी फोटोच बघतो.

बिडाची पीडीएफ दहा-बारा पानांची असते. मी ती मागून वाचतो. शेवटच्या पानांवर खरेदीदारानं स्वतः जोडलेल्या खास अटी असतात, खरा फास तिथं असतो: नमुना आठ दिवसांत अमुक ठिकाणी, अमुक प्रयोगशाळेचा अहवाल, जिल्ह्यातच कार्यालय हवं. मग माल कुठं किती पोचवायचा त्याचा तक्ता. चार हजार नगांचं बिड बघून हुरळायचं, आणि तक्त्यात कळतं की तो माल पस्तीस ठिकाणी वाटायचाय, त्यातलं एक पोर्ट ब्लेअर. मग पहिलं पान. तिथं तीन ओळींवर बोट ठेवा:

सूक्ष्म-लघु उद्योगांना अनुभव आणि उलाढालीच्या अटीतून सूट आहे का? ‘हो’ असेल तर नव्यानं सुरू केलेलाही भरू शकतो. ‘नाही’ असेल आणि वस्तू साधी असेल, तर बिड निघाल्यापासून चार दिवसांत त्याच पोर्टलवरून खरेदीदाराला हरकत नोंदवा. फोनवर नको, पोर्टलवरच. एका बिडात आम्ही दोन ओळी लिहिल्या होत्या, ‘झाडू-फडक्यांच्या पुरवठ्याला तीन वर्षांच्या अनुभवाची गरज काय ते कृपया कळवावे’, आणि चौथ्या दिवशी शुद्धिपत्रक निघालं. दर वेळी निघत नाही.

अनामत किती? सूक्ष्म-लघु उद्योगांना ती माफ आहे आणि निविदा संचही फुकट मिळतो. उद्यम प्रमाणपत्र जोडायचं. माफी आपोआप लागेल या भरवशावर राहून रकाना रिकामा सोडलात की बिड तांत्रिक फेरीतच बाद.

आणि कामगिरीची सुरक्षा ठेव किती? ही माफ नाही. अनामतीची माफी ऐकून लोक इथं फसतात. काम मिळालं की ठरावीक टक्के रक्कम बँक हमी किंवा ठेवीच्या रूपानं अडकते, काम संपून हमीचा काळ जाईपर्यंत. दर काढताना हे धरलंच पाहिजे.

दर: पंधरा टक्क्यांची गंमत

धोरणातला सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात कमी समजलेला भाग हा. सगळ्यात कमी दर भरणारा, ज्याला टेंडरवाले एल-वन म्हणतात, तो सूक्ष्म-लघु उद्योग नसेल आणि तुमचा दर त्याच्यापेक्षा १५ टक्क्यांपर्यंत जास्त असेल, तर त्याच्या दराला उतरायची संधी तुम्हाला द्यावी लागते. उतरलात तर एकूण मालातल्या २५ टक्क्यांपर्यंत पुरवठा तुमचा. माल विभागण्यासारखा नसेल तर पूर्ण ऑर्डरही देता येते. असे पात्र उद्योग अनेक असले तर वाटणी होते. एल-वन स्वतःच सूक्ष्म-लघु उद्योग असेल तर मात्र ही सवलत लागू नाही.

समजावण्यापुरता हिशेब मांडतो. कॅनव्हासच्या ४,००० फाइल-बॅगा. मोठ्या कारखान्याचा दर २००. पंधरा टक्के वर म्हणजे २३० पर्यंतचे दर रांगेत. तुम्ही २२६ भरला. विचारणा आली: २०० ला १,००० बॅगा देता का?

आता भावनेत येऊन ‘हो’ म्हणायचं नाही. वही काढा. जेमवरचा दर करासकट आणि पोचवणुकीसकट असतो, हे आधी लिहा. कापड ८८. चेन, धागा, बक्कल १८. शिलाई ३६. वीज आणि जागेचं भाडं ८. वाहतूक १२. शंभरात दोन-तीन बॅगा बिघडणारच, त्याचे ४. खरेदीवरचा कर वजा करून हातून जाणारा जीएसटी ६. पैसे तीन महिने अडकतील त्याचं व्याज ६. बेरीज १७८. बॅगेमागं २२ सुटतात, हजाराला २२,०००. चालेल. पण शिलाई ३६ च्या जागी ५० पडत असेल आणि कापड किरकोळीनं ९६ ला मिळत असेल, तर खर्चच २०० होतो, हातात काही सुटत नाही, आणि ‘नाही’ म्हणणं शहाणपणाचं. ‘नाही’ म्हटल्यानं काही बिघडत नाही. ‘हो’ म्हणून माल न देणं मात्र ठेव बुडवतं.

आणि शिलाईचा दर गटातल्या बायकांना विचारून लिहा. मी एकदा माझ्या अंदाजानं बॅगेला २५ धरले होते. त्यांनी एक बॅग माझ्यासमोर शिवून दाखवली, मोबाइलवर वेळ लावून, आणि मला वहीतला आकडा खोडावा लागला.

भांडवल, म्हणजे खरी अडचण

वरच्या हिशेबात १,००० बॅगांसाठी हातात पावणेदोन लाखांच्या आसपास लागतात, पहिला रुपया येण्याआधी. टेंडर न मिळाल्यानं बुडालेले उद्योजक मला फारसे माहीत नाहीत. मिळाल्यावर सावकाराकडे गेलेले आहेत.

दरवाजे असे आहेत. नाशिकचं शबरी आदिवासी वित्त व विकास महामंडळ, आणि त्याच्यामार्फत राष्ट्रीय अनुसूचित जमाती वित्त व विकास महामंडळाच्या योजना. बायकांसाठी आदिवासी महिला सशक्तीकरण योजनेत दोन लाखांपर्यंतच्या प्रकल्पाला ४ टक्के व्याजानं कर्ज आहे. मशिनांसाठी राष्ट्रीय अनुसूचित जाती-जमाती हबची विशेष भांडवली अनुदान योजना बघा: यंत्रसामग्रीच्या संस्थात्मक कर्जावर २५ टक्के अनुदान, कमाल २५ लाख. हे हब २०१६ मध्ये सुरू झालं आणि राष्ट्रीय लघु उद्योग महामंडळ ते चालवतं. चाचणी शुल्क आणि बँक हमीच्या खर्चाची परतफेडही त्यांच्याकडे मागता येते, पण पावत्या जपल्या असतील तरच. ऑर्डर हातात आल्यावर तिच्याच आधारे कर्ज देणारी ‘जेम सहाय’ ही सोयही आहे.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. महामंडळाचं कर्ज ऑर्डर आल्यावर मागायला गेलात तर माल द्यायची मुदत संपल्यावर हातात येईल. फाइल आधी टाका, बिड नंतर.

माल, चलन, बिल

माल उतरवताना डिलिव्हरी चलनावर तारीख, शिक्का आणि घेणाऱ्याचं नाव असलेली सही घ्या. नुसता ‘प्राप्त’ असा फराटा नको. एका कार्यालयात आमचे दीडशे नग तीन आठवडे वऱ्हांड्यात पडून होते, कारण उतरवून घेणारा रजेवर गेला आणि त्याच्या जागी आलेल्याला तो फराटा कुणाचा ते ओळखता येईना. जेमवर मालाच्या स्वीकृतीचं एक प्रमाणपत्र निघतं, सगळे त्याला सीआरएसी म्हणतात. पैशाचं घड्याळ तिथून सुरू होतं. माल पोचल्यापासून दहा दिवसांत ते निघायला हवं. अकराव्या दिवशी पोर्टलवरून स्मरणपत्र टाका, संकोच करू नका.

सेवेच्या बिलातून आयकराची कपात होऊ शकते. करार अडीच लाखांच्या वर असेल तर जीएसटीचेही २ टक्के कापले जातील. ते बुडत नाहीत, तुमच्या जीएसटी खात्यात जमा दिसतात आणि पुढच्या कराला वापरता येतात. पण विवरणपत्र भरताना ते स्वीकारावे लागतात. न सांगितल्यास काही सीएदेखील ते विसरतात.

पैसे अडकले तर कायदा तुमच्या बाजूनं आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ प्रमाणं कराराची मुदत काहीही असली तरी ४५ दिवसांच्या पुढं पैसे थकवता येत नाहीत. त्यापुढं रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दर महिन्याला चक्रवाढ, असं व्याज लागतं. तक्रार केंद्राच्या सूक्ष्म-लघु उद्योग मंत्रालयाच्या ऑनलाइन पोर्टलवर टाकायची, ती राज्याच्या सुविधा परिषदेकडे जाते. यासाठी उद्यम नोंदणी पुरवठ्याच्या आधीची हवी. नंतर काढलेली बहुतेक वेळा उपयोगी पडत नाही. बांधकामाच्या ठेक्यांना हा कायदा लागतो का, यावर न्यायालयांत वाद झालेत, तेव्हा त्यावर विसंबू नका. परिषदेत जाण्याआधी थकबाकीचं साधं पत्र द्या, व्याजाचा आकडा मांडून. निम्म्या वेळा तेवढ्यानं बिल हलतं.

राज्याची खरेदी आणि बांधकामं, थोडक्यात

राज्याच्या खात्यांसाठी उद्योग, ऊर्जा व कामगार विभागाची १ डिसेंबर २०१६ ची खरेदी नियमपुस्तिका आहे. केंद्राच्या चार टक्क्यांचा दाखला तिथं देऊन भागत नाही. निविदेतल्याच अटी वाचायच्या. बांधकामात सार्वजनिक बांधकाम खातं आणि जिल्हा परिषदा छोट्या कामांचा ठरावीक वाटा मजूर सहकारी संस्था आणि बेरोजगार अभियंते यांना काम वाटप समितीमार्फत देतात. पाड्यावर गवंडी, सेंट्रिंगवाले आणि डिप्लोमा झालेलं एखादं पोरगं असेल तर हा रस्ता जेमपेक्षा जवळचा.

आणि अनुसूचित क्षेत्रातल्या, म्हणजे तेरा जिल्ह्यांतल्या पेसा गावांना येणारा ५ टक्के अबंध, म्हणजे ठरावीक कामाला न बांधलेला, निधी विसरू नका. तिथं खर्चाचं ठरवते ती ग्रामसभा. शाळेच्या सतरंज्या किंवा पाण्याच्या टाकीची जाळी आपल्याच तालुक्यातल्या युनिटकडून दरपत्रकं मागवून घेता येते. रक्कम छोटी असली तरी कामाचं प्रमाणपत्र पुढं दाखवायला मिळतं.

खरेदी करणाऱ्या साहेबांसाठी चार ओळी

तुमच्यापैकी कुणी हे वाचत असेल तर विनंती एवढीच: बावीस वस्तू एकाच बिडात कोंबू नका. झाडू, फिनाइल, कागद आणि संगणकाचं टोनर एका गाठोड्यात बांधलं की ते फक्त मोठा व्यापारी देऊ शकतो. पस्तीस ठिकाणांचं बिड जिल्हावार तोडा. पुरवठादार मेळावा मुंबईच्या हॉटेलात भरवून ‘प्रतिसाद मिळाला नाही’ असं टिपण लिहू नका. मोखाड्याला किंवा धारणीला आठवडी बाजाराच्या दिवशी भरवा, आणि मागच्या वर्षी घेतलेल्या मालाचे नमुने टेबलावर ठेवा. नमुना हातात घेऊन उलटापालटा केला की शिवणारी बाई तिथल्या तिथं सांगते, जमेल की नाही. तेवढं कळायला आम्हाला पोर्टलवरून तीन आठवडे लागतात.

मागे लागणं

खरेदीदार चार टक्के पाळतो का हे बघायचा साधा मार्ग म्हणजे माहिती अधिकार. दहा रुपयांचं शुल्क. प्रश्न मोजके ठेवा: मागच्या आर्थिक वर्षात एकूण खरेदी किती, त्यात अनुसूचित जमातीच्या उद्योजकांकडून किती, कोणत्या वस्तू, आणि या वर्षीचा खरेदी आराखडा कुठं प्रसिद्ध केला. उत्तर भांडायला वापरू नका, निदान लगेच नको. ते घेऊन त्या कार्यालयाच्या खरेदी अधिकाऱ्याकडे जा आणि म्हणा, ‘तुमचा हा रकाना रिकामा आहे, माझ्याकडे ही वस्तू आहे.’ आकडा भरायचं ओझं त्यांच्यावरही असतं. वर अहवाल त्यांनाच द्यावा लागतो.

पहिली ऑर्डर पूर्ण झाली की त्याच आठवड्यात कामपूर्तीचं प्रमाणपत्र मागा. सहा महिन्यांनी साहेब बदललेले असतात. आणि सुरक्षा ठेव सुटायची तारीख घरातल्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, लाल पेनानं लिहून ठेवा. ती आपणहून परत आलेली मी अजून पाहिलेली नाही; अर्ज करावा लागतो.